भूल कोणती घ्यायची? लाळग्रंथीचा खडा आणि माझी एक चूक



मी निवृत्त लेफ्टनंट कर्नल. नोकरी सगळी पायदळात, मराठा पलटणीत. निवृत्त झाल्यावर मुलीच्या नोकरीमुळे बेंगळुरूला आलो आणि इथलाच झालो. माझ्यासारख्या माणसाला बोलायला बोलावलं की लोकांना सीमेवरची गोष्ट हवी असते. आज ती सांगणार नाही. आज ऑपरेशनच्या टेबलावरची गोष्ट सांगणार आहे आणि त्यात माझी एक चूक आहे. ती चूक तुमच्या घरातही होऊ शकते, म्हणून बोलतो आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. जे सांगतो ते मी रुग्ण म्हणून भोगलेलं, डॉक्टरांना विचारून समजून घेतलेलं आणि नंतर वाचलेलं आहे. तुमचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसमोर बसूनच घ्यायचा. पण समोर बसल्यावर काय विचारायचं आणि काय लपवायचं नाही, एवढं तरी माझ्या बोलण्यातून हाती लागावं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी जेवायला बसलो होतो. पानात चित्रान्न, म्हणजे इकडचा लिंबू पिळलेला भात, आणि बाजूला कैरीचं लोणचं. दुसरा घास घेतला आणि उजव्या जबड्याखाली अशी कळ आली की हातातला घास खाली ठेवला. हात लावून पाहतो तर तिथे लिंबाएवढा फुगवटा. तासाभरात तो आपोआप उतरला. रात्री जेवताना पुन्हा तेच. मला वाटलं दाढ. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, दाढ उत्तम आहे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

त्या डॉक्टरांनी हातमोजा घालून एक बोट जिभेखाली ठेवलं, दुसऱ्या हाताने हनुवटीखालून दाबलं आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं, "कर्नल साहेब, लाळेच्या नळीत खडा आहे." सोनोग्राफीत तो दिसलाही. ३ मिलीमीटरचा, नळीच्या पुढच्या टोकाजवळ.

मूत्रपिंडाचा खडा आपल्याला माहीत असतो, पित्ताशयाचा माहीत असतो. लाळेत खडा होतो हे मी तोवर ऐकलं नव्हतं. आपल्याला लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. एक कानासमोर, गालगुंड होतं तेव्हा सुजते ती. दुसरी जबड्याखाली. तिसरी जिभेखाली. सगळ्या मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लीटर लाळ करतात. खडे होतात ते बहुतेक जबड्याखालच्या ग्रंथीत, दहातले आठ तरी तिथले. कारण सोपं आहे. तिथली लाळ जरा दाट, तिच्यात कॅल्शियम जास्त आणि तिला सुमारे ५ सेंटीमीटरच्या नळीतून वर चढून जिभेखाली यावं लागतं. आंबट खाल्लं की ग्रंथी जोरात लाळ सोडते, पुढे खडा अडलेला, मग मागे फुगवटा आणि कळ. लोणच्याने माझं निदान केलं म्हणा ना.

पूर्वी असा खडा सहज निघण्यासारखा नसला की मानेवर छेद देऊन पूर्ण ग्रंथीच काढून टाकायचे. १९९० च्या दशकात पॅरिस आणि जिनिव्हातल्या डॉक्टरांनी दुसरी वाट रुळवली. लाळेच्या नळीतून आत जाणारी बारीक दुर्बीण, तिला सायलेंडोस्कोपी म्हणतात. तिची जाडी साधारण १ ते दीड मिलीमीटर. जिभेखालचं नळीचं तोंड हळूहळू रुंद करायचं, दुर्बीण आत सरकवायची, सलाईनच्या पाण्याने नळी फुगती ठेवायची आणि तारेच्या बारीक टोपलीत खडा पकडून बाहेर ओढायचा. मानेवर छेद नाही, ग्रंथीही शाबूत. जबड्याखालच्या नळीत साधारण ४ मिलीमीटरपर्यंतचा, सुटा असलेला खडा असा निघतो. त्याहून मोठा असेल तर लेझरने फोडावा लागतो किंवा तोंडाच्या आतून छोटा छेद द्यावा लागतो.

माझा खडा लहान, पुढे, हाताला लागणारा. डॉक्टर म्हणाले, जागेपणी, लोकल भुलीवर करू. जिभेखाली आधी सुन्न करणारी जेली, मग एक इंजेक्शन. अर्ध्या तासात खडा बाहेर. डब्यात घालून माझ्या हातात दिला, तांदळाच्या कणीएवढा. तासाभराने मी चालत बाहेर पडलो आणि पत्नीबरोबर फिल्टर कॉफी प्यायलो. थंड करून.

मंडळी, इथवर सगळं छान झालं. चूक इथून पुढे सुरू होते.

मी त्या लोकल भुलीचा प्रचारक झालो. सकाळी फिरायला जाताना, माजी सैनिकांच्या बैठकीत, मंडळाच्या गणपतीत, जो भेटेल त्याला सांगायचो. "बेशुद्ध कशाला व्हायचं? लोकल घ्या. अर्धा तास सहन करायचं, बस्स." खरं तर मी फारसं काही सहन केलंच नव्हतं. माझा खडा सोपा होता. पण सोप्या लढाईतून परत आलेला माणूस सगळ्यात जास्त बोलतो, हे मी पलटणीत पाहिलेलं होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र ओळखलं नाही.

वर्षभराने एक फोन आला. माझ्या कंपनीतले जुने सुबेदार साहेब. सातारा जिल्ह्यातले, माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. ज्या माणसाच्या भरवशावर मी रात्री निर्धास्त झोपलो, तो हा माणूस. म्हणाले, "साहेब, जबड्याखाली खडा निघालाय. दुर्बिणीनं काढायचा म्हणतात. तुमचंबी तसलंच झालतं न्हवं?"

मी काय विचारायला हवं होतं? खडा केवढा आहे, कुठे आहे, डॉक्टर काय म्हणतात. यातलं मी काहीही विचारलं नाही. मी म्हणालो, "सुबेदार साहेब, लोकलच सांगा. बेशुद्ध होऊ नका. आणि लोकलला उपास लागत नाही, नाश्ता करून जा."

मी सल्ला दिला. त्यांनी तो हुकूम म्हणून घेतला. तीस वर्षांची सवय होती त्यांना.

त्यांच्या भागातल्या एका शहरात ते दाखल झाले. तिथल्या डॉक्टरांचा यात काही दोष नाही, हे आधी सांगतो. त्यांनी बेशुद्धीची भूल सुचवली होती आणि उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. सुबेदार साहेबांनी हट्टाने लोकल मागितली आणि भाकरी खाऊन गेले. टेबलावर विचारलं तेव्हा खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग पुढे ढकलू. तर हे म्हणाले, "न्हाई, आत्ताच करा, मी हलणार न्हाई." डॉक्टरांनी प्रयत्न केला. खडा ८ मिलीमीटरचा आणि पार मागे, ग्रंथीच्या तोंडाशी, जिथे नळी वळण घेते तिथे. जिभेच्या मुळाशी हत्यार गेलं की उबळ यायची. घशात पाणी साचायचं. आणि दुखत असताना हा माणूस हात वर करेना. टेबलाची कड धरून पडून राहिला. रक्तदाब इतका चढला की डॉक्टरांनीच काम थांबवलं. सुन्न करायच्या औषधाची मर्यादा संपत आलेली आणि पोट भरलेलं, म्हणून तिथल्या तिथे पूर्ण भूल देता येईना. खडा आत ठेवून त्यांना घरी पाठवलं. आठवडाभर सूज आणि वेदना.

मला हे कळलं ते त्यांच्या मुलाकडून. तो इथेच व्हाइटफील्डला संगणक कंपनीत आहे. मी लगेच फोन लावला. विचारलं, "सुबेदार साहेब, हात का वर केला नाही?" ते म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं न्हवं साहेब, अर्धा तास सहन करायचं म्हणून."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

दीड-दोन महिन्यांनी, सूज पूर्ण उतरल्यावर, मुलाने त्यांना आणि वहिनींना बेंगळुरूला आणलं. यावेळी मी प्रत्येक भेटीला बरोबर गेलो, पण तोंड बंद ठेवून आणि वही घेऊन. सर्जनने तपासलं आणि भूलतज्ज्ञांकडे पाठवलं. भूल देण्याआधीची ही तपासणी, तिला पीएसी म्हणतात. आपण तिला सहीसाठीचा कागद समजतो. मी तिथे पाऊण तास बसलो आणि मला कळलं की ऑपरेशनचा अर्धा निर्णय या खोलीत होतो.

भूलतज्ज्ञ डॉक्टर मॅडम म्हैसूरकडच्या. हिंदीत बोलत होत्या, अडेल तिथे मुलगा मराठीत सांगत होता. पहिल्यांदा त्यांनी सुबेदार साहेबांना तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगितलं आणि घशात पाहिलं. घशाचा किती भाग दिसतो त्यावरून चार वर्ग करतात, पुढे श्वासाची नळी घालणं सोपं की अवघड याचा अंदाज येतो. या पद्धतीला मल्लमपाटी यांचं नाव आहे. शेषगिरी राव मल्लमपाटी, मूळचे आपल्या भारतातले, अमेरिकेत बोस्टनला भूलतज्ज्ञ होते. १९८५ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली आणि आज जगभर ती वापरतात.

मग प्रश्न. रक्तदाबाची गोळी कोणती? रक्त पातळ करायची गोळी आहे का? दात हलतो का? नाकाच्या कुठल्या बाजूने श्वास मोकळा येतो? आधी कधी भूल घेतली होती का, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का? झोपेत घोरता का?

सुबेदार साहेब म्हणाले, "न्हाई."

वहिनी म्हणाल्या, "न्हाई कसं? ट्रॅक्टर चालू असतो रातभर. आन मधीच बंद पडतो, तवा मला भ्या वाटतं."

डॉक्टर मॅडमनी पेन खाली ठेवलं. वहिनींना चार-पाच प्रश्न विचारले. श्वास किती वेळ थांबतो, मग दचकून उठतात का, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का. झोपेत श्वास अडकण्याचा विकार, स्लीप ॲप्निया, असण्याची दाट शक्यता. आणि हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं, कारण घोरण्याला आजार म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. या एका उत्तराने पुढची सगळी योजना बदलली.

मी हळूच विचारलं, "मॅडम, वाटा किती आहेत?" त्यांनी तीन वाटा सांगितल्या. मी वहीत लिहून घेतल्या, तशाच सांगतो.

पहिली वाट, लोकल. जागा माणूस, सुन्न जागा. वापरतात ते औषध बहुतेक वेळा लिग्नोकेन. स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये ते तयार केलं, आजही दातांच्या दवाखान्यात तेच असतं. फायदे उघड आहेत. श्वास तुमचा तुम्ही घेता, त्याच दिवशी घरी जाता आणि दुखलं तर सांगू शकता. खडा लहान, पुढे आणि काम थोड्या वेळाचं असेल तर ही उत्तम वाट. पण औषधाला मर्यादा असते. वजनाच्या हिशेबाने, ॲड्रेनॅलिन न मिसळलेलं लिग्नोकेन किलोमागे साधारण ३ मिलिग्रॅम. म्हणजे ७० किलोच्या माणसाला २१० मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधाच्या १ मिलीलीटरमध्ये २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दहा मिलीलीटरच्या आसपास संपलं. नळीत सोडलेलं आणि जेलीतलं औषधही याच हिशेबात धरायचं. ॲड्रेनॅलिन मिसळलं की मर्यादा वाढते आणि रक्तही कमी येतं, पण हृदयाच्या रुग्णात ते जपून वापरावं लागतं. मर्यादा ओलांडली तर आधी ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडात धातूसारखी चव येते, कानात घुं होतं. पुढे झटके येऊ शकतात, हृदयाचा ठोका बिघडू शकतो. "म्हणून दुखलं तर आणखी टोचा, असं चालत नाही," मॅडम म्हणाल्या. मला सुबेदार साहेबांचा पहिला प्रसंग तेव्हा समजला.

दुसरी वाट, लोकल आणि जोडीला शिरेतून गुंगी. ऐकायला ही मधली, सोयीची वाट वाटते. मीही म्हणालो, "मग हेच बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "कर्नल, या ऑपरेशनमध्ये सर्जनचं काम आणि माझं काम एकाच दारातून चालतं." तोंडात सर्जनची दुर्बीण, तोंडातच पाणी आणि त्याच घशातून रुग्णाचा श्वास. गुंगी हलकी असेल आणि माणूस हाकेला ओ देत असेल तर ठीक. ती खोल गेली की जीभ मागे पडते, गिळण्याची शक्ती मंदावते, पाणी श्वासनळीत जाऊ शकतं. आणि हलकी कधी खोल होईल याची स्पष्ट रेघ नसते. स्लीप ॲप्निया असलेल्या माणसाला तर ही खोल गुंगी, श्वासनळी मोकळी ठेवायची सोय न करता, पूर्ण भुलीपेक्षाही धोक्याची ठरू शकते. मला हे नवीन होतं. मी समजत होतो की भूल जेवढी कमी तेवढा धोका कमी. तसं नेहमी नसतं.

तिसरी वाट, जनरल, म्हणजे पूर्ण भूल. माणूस झोपलेला, श्वास नळीतून, यंत्रावर. जिभेखालचं काम असेल तर नळी बहुधा नाकातून घालतात म्हणजे तोंड सर्जनला मोकळं मिळतं. कानासमोरच्या ग्रंथीचं काम असेल तर तोंडातून घालूनही भागतं. श्वासनळी सुरक्षित, पाण्याची भीती कमी, सर्जनला तास-दीड तास निवांत मिळतो. तोटेही आहेत. नाकातून नळी जाताना रक्त येऊ शकतं, म्हणून मोकळ्या बाजूची आणि रक्त पातळ करायच्या गोळीची चौकशी. घसा दोन दिवस खवखवतो. मळमळ होते. आणि उठतानाची वेळ नाजूक असते, विशेषतः घोरणाऱ्या माणसाची.

मी विचारलं, "मग तुम्ही निवडता कसं?"

त्या म्हणाल्या, "मी भूल निवडत नाही. आधी खडा पाहते, मग माणूस पाहते, मग बेत फसला तर काय करायचं ते ठरवते. भूल त्यातून आपोआप ठरते."

खडा ८ मिलीमीटर, मागे, तोंडातून छेद द्यावा लागणार. तिथे नळीखालून जिभेची संवेदना नेणारी नस जाते, ती जपायची, म्हणजे काम सावकाश. माणसाला उबळ लवकर येते, रक्तदाब आहे, श्वास अडकतो आणि दुखलं तरी हा माणूस सांगत नाही. शेवटचा मुद्दा बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लोकल भुलीत रुग्ण हाच एक पहारेकरी असतो. जो पहारेकरी धोका दिसूनही ओरडत नाही, त्याला चौकीवर ठेवायचं नसतं. हे मला फौजेने शिकवलं होतं आणि मी विसरलो होतो.

आणखी एक गोष्ट, आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसांसाठी. जागेपणी ऑपरेशन करायचं तर रुग्णाची आणि त्या खोलीतल्या माणसांची एखादी भाषा सामाईक असली पाहिजे. घाबरलेला माणूस आईच्या भाषेत बोलतो. "चिमटतंय", "ठणकतंय", "मुंग्या आल्या" या तिन्हींचा अर्थ डॉक्टरांच्या दृष्टीने वेगळा. तोंडात हत्यार असताना तर बोलताही येत नाही. म्हणून आधीच खुणा ठरवाव्यात. एक बोट म्हणजे दुखतंय, दोन म्हणजे गिळायचंय, हात वर म्हणजे थांबा. माझ्या पहिल्या वेळी डॉक्टरांनी हे ठरवलं होतं. मी लोकांना सगळं सांगितलं, तेवढं सांगायचं राहिलं.

घरी येऊन मी वाचायला लागलो. भुलीचा पहिला गाजलेला प्रयोग १६ ऑक्टोबर १८४६ चा, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला. दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी ईथर दिलं आणि सर्जन जॉन वॉरन यांनी गिल्बर्ट ॲबट नावाच्या रुग्णाच्या गाठीवर शस्त्रक्रिया केली. गाठ कुठे होती? डाव्या बाजूला, जबड्याखाली. वाचताना माझा हात आपसूक जबड्याकडे गेला.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन होते एडवर्ड लॉरी, लष्करी डॉक्टर. त्यांचं ठाम मत होतं की क्लोरोफॉर्म देताना फक्त श्वासाकडे लक्ष द्यावं, नाडीकडे पाहायची गरज नाही, कारण क्लोरोफॉर्म थेट हृदयाला इजा करत नाही. निजामाच्या मदतीने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन झाली. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. याच काळात तिथे रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देत होत्या, जगातल्या सुरुवातीच्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक. कमिशनने लॉरींच्या बाजूने कौल दिला. पण १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचा ठोका थेट बिघडून मृत्यू येऊ शकतो. लॉरी काही निष्काळजी माणूस नव्हता. श्वासावर नजर ठेवा, हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण स्वतःला आलेला अनुभव हाच सगळ्यांसाठी नियम, इथे तो फसला. त्याच्याजवळ निदान शेकडो रुग्णांचा अनुभव होता. माझ्याजवळ एक खडा होता, तोही तांदळाच्या कणीएवढा.

ऑपरेशन ठरलं. रक्तदाबाची कोणती गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, कोणती नाही, ते लिहून मिळालं. जड जेवण रात्रीच, घन पदार्थ निदान ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, "सुबेदार साहेब, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझी चूक होती." ते उठून उभे राहिले. म्हणाले, "आसं नका म्हणू साहेब." मी म्हणालो, "बसा. आणि एक ऐका. उद्या उठल्यावर दुखलं तर सांगायचं. श्वासाला जड वाटलं तर सांगायचं. हा हुकूम आहे." तेव्हा ते हसले. हुकूम द्यायचाच होता तर तो पहिल्या वेळी असा द्यायला हवा होता.

सकाळी साडेसातला त्यांना आत नेलं. पूर्ण भूल, नाकातून नळी. मॅडमनी नंतर सांगितलं त्यातली एक गोष्ट मला फार पटली. घशात पाणी आणि रक्त उतरू नये म्हणून कापडाची ओली पट्टी ठेवतात. ती काढायची राहिली तर उठल्यावर श्वास अडकू शकतो. म्हणून ती ठेवल्याची नोंद फळ्यावर होते आणि काढल्यावर दोघांनी मोठ्याने सांगून ती खोडायची. आपण रायफली मोजून कोतमध्ये जमा करतो, तसंच. शस्त्र सुंदर असून चालत नाही, मोजणी जुळावी लागते.

सव्वा तासाने सर्जन बाहेर आले. दुर्बिणीने खडा नक्की कुठे आहे ते पाहिलं, तोंडातून छेद देऊन नस बाजूला जपली, खडा अख्खा काढला, ग्रंथी वाचली. पूर्ण जाग येऊन हाकेला ओ देईपर्यंत श्वासाची नळी काढली नाही. जिभेखाली सूज येऊन श्वासाला अडथळा होऊ नये म्हणून आणि घोरण्यामुळे, एक रात्र ऑक्सिजनवर लक्ष ठेवून दवाखान्यात ठेवलं. डोक्याकडची बाजू उंच करून झोपवलं. गुंगी वाढवणारी जड वेदनाशामकं टाळली. दुसऱ्या दिवशी ते पेज प्यायले. पंधरा दिवसांनी त्यांनी माझ्या घरी लिंबाच्या लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि जबड्याखाली हात लावून वाट पाहिली. काही झालं नाही. घोरण्याची तपासणीही झाली, आता ते रात्री मास्क लावून झोपतात. वहिनी म्हणतात, ट्रॅक्टर विकला.

मंडळी, शेवटी पाच प्रश्न सांगतो. उद्या तुमच्यावर किंवा घरच्यांवर ही वेळ आली तर कागदावर लिहून न्या.

एक. खडा केवढा, कुठे आणि काम किती वेळाचं?

दोन. माझ्या शरीरात असं काय आहे ज्यामुळे एखादी भूल मला धोक्याची ठरेल? इथे गोळ्या, घोरणं, तंबाखू, दारू, हलणारे दात, सगळं खरं सांगा. आणि झोपणाऱ्याला विचारू नका, शेजारी जागणाऱ्याला विचारा.

तीन. ठरलेला बेत जमला नाही तर पुढची वाट कोणती? लोकल ठरली असली तरी उपाशीपोटी राहायला सांगितलं असेल तर राहा. तो उपास म्हणजे माघारीचा रस्ता मोकळा ठेवणं.

चार. जागेपणी असेन तर दुखतंय हे कसं सांगायचं?

पाच. नंतर घरी कधी जायचं, रात्री जवळ कोण असेल आणि सूज किंवा श्वासाचा त्रास झाला तर कुणाला फोन करायचा?

यात "शूर माणसाने कोणती भूल घ्यावी" असा प्रश्न नाही. तसा प्रश्नच नसतो. मी एका चांगल्या सैनिकाला तो प्रश्न घालून टेबलावर पाठवलं, म्हणून हे जाहीरपणे सांगतो. आपला अनुभव लोकांना जरूर सांगा, पण सांगताना एवढं जोडा की हे माझं झालं, तुझं तू तुझ्या डॉक्टरांना विचार.

सुबेदार साहेब हे भाषण ऐकणार आहेत. त्यांनी परवानगी दिली आहे. फक्त म्हणाले, "साहेब, ट्रॅक्टरचं नका सांगू." तेवढा हुकूम मात्र मी मोडला.

जय हिंद.